खाजगी प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम : कोणासाठी आणि कशासाठी?

'आम्ही मुलाला खाजगी शाळेत घातले आहे' हे वाक्य आज खेड्यापाड्यांतूनही अभिमानाने ऐकू येते. शाळेची इमारत केवढी, गणवेश कोणता, फी किती, बस दारापर्यंत येते की नाही, याची चौकशी पालक बारकाईने करतात. परंतु त्या शाळेत मूल दिवसभर काय शिकते, कोणत्या क्रमाने शिकते आणि ते तसेच का शिकते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या गोष्टीसाठी एवढी पायपीट आणि एवढा खर्च करावयाचा, तीच गोष्ट न पाहता घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात या न विचारलेल्या प्रश्नाचा थोडासा ऊहापोह करण्याचा विचार आहे.

मी कामणचा राहणारा. वसई-दिवा लोहमार्गावर जूचंद्रच्या पुढले स्थानक 'कामण रोड', तेच आमचे गाव. एका बाजूस तुंगारेश्वरचा डोंगर, पूर्वेस कामणदुर्ग आणि गावातून जाणारा चिंचोटी-भिवंडी रस्ता. या रस्त्याने गावाचे रूप पालटले. भाताच्या खाचरांच्या शेजारी गोदामे आणि कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. आगरी, कुणबी आणि आदिवासी घरांच्या शेजारी उत्तरेकडून आलेली मजुरांची कुटुंबे राहू लागली. या सर्वांना एका गोष्टीची मात्र सारखीच ओढ आहे. आपले मूल शिकावे आणि आपल्यापेक्षा बरे दिवस त्याने पाहावे.

माझी पुतणी अशाच एका खाजगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशा शाळा सर्वत्र आहेत. वहिनी मला एके दिवशी म्हणाली, "भावजी, तुम्ही कॉलेजात शिकता. तुम्हीच सांगा, हिची शाळा ठेवायची की बदलायची?" उत्तर देण्यापूर्वी पुतणीचे दप्तर, वह्या आणि वेळापत्रक नीट पाहावे असे मी ठरविले. हा लेख त्या पाहणीतून तयार झाला आहे.

अभ्यासक्रम म्हणजे काय?

बोलताना आपण अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक ते वेगळे आहेत. एखाद्या इयत्तेत एखाद्या विषयाचे कोणते घटक शिकवावयाचे, त्यांची यादी म्हणजे पाठ्यक्रम. ते घटक शिकविण्याचे एक साधन म्हणजे पाठ्यपुस्तक. आणि शाळेच्या आधाराने मुलाला जे जे अनुभव मिळावेत अशी योजना केलेली असते, त्या सर्वांचा मेळ म्हणजे अभ्यासक्रम. त्यात धडे येतात, तसेच खेळ, गाणी, हस्तव्यवसाय, सहली, मुलांचे प्रश्न आणि परीक्षेची पद्धतही येते. ही व्याख्या मान्य केली तर 'शाळेत कोणती पुस्तके आहेत?' एवढे विचारून भागत नाही. 'मूल दिवसभर काय करते?' असे विचारावे लागते.

एक वेळापत्रक

पुतणीच्या वेळापत्रकात इंग्रजी वाचन आणि इंग्रजी व्याकरण हे दोन स्वतंत्र विषय आहेत. त्याशिवाय गणित, विज्ञान, समाजशास्त्र, हिंदी, मराठी, संगणक, सामान्यज्ञान आणि मूल्यशिक्षण. चित्रकला व खेळ यांना शनिवारी जागा आहे. बहुतेक विषयांना वेगळे पुस्तक, वर्गाची वेगळी वही आणि घरची वेगळी वही. घरचा अभ्यास रोज असतो.

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पहिली व दुसरीसाठी परिसर अभ्यास हा वेगळा विषयच ठेवलेला नाही. तो भाषा आणि गणितातच मिसळावा आणि तिसरीपासून स्वतंत्र करावा, अशी त्यातील योजना आहे. २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत घरचा अभ्यास देऊ नये असे म्हटले आहे. म्हणजे तज्ज्ञांनी सात वर्षांच्या मुलासाठी जे जाणूनबुजून कमी केले, ते आमच्या शाळेने फी घेऊन पुन्हा वाढविले!

ओझ्यापेक्षाही मला अधिक खटकली ती पुस्तकातील दुनिया. ऋतूंच्या धड्यात वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा असे चार ऋतू आहेत. हिवाळ्याच्या चित्रात बर्फ आहे आणि पावसाळ्याला स्वतंत्र स्थानच नाही. कामणला पावसाळा हाच वर्षाचा कणा आहे. पुतणीने ते चारही ऋतू इंग्रजीत स्पेलिंगसह बिनचूक लिहिले होते आणि बाईंनी बरोबरची खूणही केली होती. "मग आपली लावणी यातल्या कोणत्या ऋतूत होते?" असे मी तिला विचारले. तिने पुस्तक पुन्हा चाळले आणि म्हणाली, "काका, यात नाही दिलेलं."

या उत्तरात मुलीचा काहीच दोष नाही. जे पुस्तकात नाही ते शाळेत बोलावयाचे नसते, एवढे मात्र ती दोन वर्षांत पक्के शिकली आहे. तेही कोणी ठरवून शिकविलेले नसते, पण तो अभ्यासक्रमाचाच भाग होऊन बसतो. प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली आपल्या अहवालात हेच सांगितले होते. दप्तराच्या वजनापेक्षाही न समजता शिकण्याचे ओझे मुलाला अधिक घातक असते, हे त्या अहवालाचे सार आहे.

कायद्यातील तरतूद

खाजगी शाळा आहे, ती वाटेल ते शिकवील, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम कसा असावा हे सांगितले आहे. शिक्षण कृतीतून, शोधातून आणि बालककेंद्री पद्धतीने व्हावे. माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे. मूल भीती व चिंता यांपासून मुक्त असावे. त्याच्या समजुतीचे मूल्यमापन सातत्याने व्हावे, अशा तरतुदी त्यात आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकविणे झाले पाहिजे, असे कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. हिशेब केला तर दिवसाला ४ तास होतात. एवढ्या वेळात दहा-बारा विषय कोंबावयाचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाठांतराखेरीज काही उरणे कठीण.

शिवाय महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला आहे. तो आमच्या शाळेच्याही वेळापत्रकात आहे. परंतु विषय वेळापत्रकात असणे निराळे आणि त्या भाषेत मुलाला विचार करू देणे निराळे.

'खाजगी' या शब्दाचा जुना अर्थ

येथे थोडे मागे वळून पाहणे उचित होईल. महाराष्ट्रात 'खाजगी शाळा' हा शब्द नेहमीच फी आणि टाय यांच्याशी जोडलेला नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, ती सरकारची नव्हती. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाचाही विचार मांडला. मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही पाठ, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या मुलाच्या शाळेत शेती हवी, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले.

अलीकडची उदाहरणेही आहेत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रयत्नातून प्रगत शिक्षण संस्था आणि तिचे 'कमला निंबकर बालभवन' उभे राहिले. या दोन्ही शाळा खाजगीच, आणि दोन्ही मराठी माध्यमाच्या. सरकारी चाकोरीत जे करून पाहता येत नाही ते करून पाहावे, एवढ्यासाठी त्या खाजगी राहिल्या. खाजगीपणा म्हणजे प्रयोगाचे स्वातंत्र्य, हा त्या शब्दाचा जुना आणि चांगला अर्थ होय.

कोसबाडचा धडा

परंतु आपल्याला पुणे-कोल्हापूरला जाण्याचेही कारण नाही. वसई रोडला डहाणूची लोकल धरली की आपण ज्या तालुक्यात पोहोचतो, त्याच डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. कामण आणि कोसबाड ही दोन्ही गावे पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीचे मर्म त्यांना पटले होते. पण तिची साधने महाग आणि ती शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतीच राहिलेली. ग्रामीण भागातील गरीब मुलाला हे शिक्षण कसे मिळणार, हा प्रश्न घेऊन त्या १९४५ साली बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली निवर्तल्या.

त्यांनी अभ्यासक्रम कसा घडविला हे पाहण्यासारखे आहे. विकतच्या साधनांऐवजी त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, माती अशा भोवताली फुकट मिळणाऱ्या वस्तू घेतल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज घरोघरी माहीत असलेला शब्द या कामाशी जोडलेला आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९७५ साली सुरू झाली. थोडी मोठी मुले गुरे राखावयास रानात जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' झाली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत असल्याने शाळेत येऊ शकत नसत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवून 'विकासवाडी' उभी केली.

यातील विचाराचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी मुलाचा दिवस पाहिला, आणि मग त्या दिवसात बसेल अशी शाळा बनविली. आपल्याकडच्या शाळा नेमके उलट करतात. पुस्तक कुठल्याशा शहरात तयार होते, शाळा त्याभोवती उभी राहते आणि शेवटी मुलाला त्यात बसविले जाते.

इंग्रजीचे काय?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शेतीचे धडे आणि रानातली शाळा हे सर्व ठीक. पण आमच्या मुलांनी जन्मभर लावणीच करावयाची काय? माझ्या भावाचाही हाच प्रश्न आहे. तो गोदामात कामाला आहे. माल आला-गेल्याची कागदपत्रे इंग्रजीत असतात, ती वाचू शकणारा खुर्चीवर बसतो आणि न वाचू शकणारा पाठीवर खोकी वाहतो, हे त्याने रोज पाहिले आहे. त्याला इंग्रजीचे वेड आहे असे म्हणून हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

तथापि, इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून सर्व काही शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. तो सगळीकडे चांगला शिकविला जातो असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यावरचा उपाय इंग्रजीचा तास सुधारणे हा आहे. गणित, परिसर आणि गोष्ट ही तिन्ही न समजणाऱ्या भाषेत टाकली तर इंग्रजी येत नाहीच, आणि गणितही जाते. पुतणीला बेरीज येते, पण शब्दांत घातलेले उदाहरण आले की ती अडते. तेच उदाहरण मी आगरी वळणाच्या मराठीत सांगितले तेव्हा तिने बोटेही न मोजता उत्तर दिले. अडचण गणिताची नव्हती.

हाच न्याय मराठी शाळांनाही लागू आहे. वारली पाड्यावरच्या मुलाला पुस्तकातली मराठी परकीच असते आणि परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाला तर अधिकच. घरच्या बोलीपासून सुरुवात करून पुस्तकी भाषेकडे आणि तेथून इंग्रजीकडे नेणे हे शिक्षकाचे काम आहे. मधली पायरी काढून टाकली की मूल चढत नाही, लोंबकळते.

भाताचे शेत : एक नमुना

परिसरातून शिकवावे म्हणजे नेमके काय करावे, असे कोणी विचारील. कामणच्या शाळेपुरता एक नमुना येथे मांडतो. जूनपासून दिवाळीपर्यंत शाळेच्या आसपास भाताचे पीक असते. राब भाजणे, पेरणी, आवण काढणे, लावणी, कापणी आणि झोडणी ही त्याची क्रमवार कामे. पहिलीच्या मुलांनी दाणे मोजावेत, दहा-दहाचे ढीग करावेत, लहान-मोठी पाने लावून पाहावीत. दुसरीने रोपाची उंची दर आठवड्याला वितीने आणि मग पट्टीने मोजून भिंतीवर लिहावी. विती प्रत्येकाच्या वेगळ्या का येतात, हा प्रश्न तेथेच निघतो आणि मापाचे प्रमाण का लागते हे न सांगता कळते. तिसरीने आपल्या पाड्याचा नकाशा काढून डोंगरावरचे पाणी खाचरात कोठून येते आणि खाडीकडे कसे जाते ते दाखवावे. चौथीने आजोबांना विचारून ४ शेरांची पायली, २० मणांची खंडी ही जुनी मापे लिहून आणावीत, बियाण्याचा, मजुरीचा आणि विक्रीचा हिशेब करावा. ज्यांचे शेत गोदामासाठी विकले गेले, त्यांनी तेथे आता काय आहे ते लिहावे. तोही परिसरच आहे.

शेजारचे जूचंद्र हे रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या कलाकाराला वर्गात बोलवावे. ठिपक्यांच्या ओळी आणि रकाने मोजताना गुणाकार येतो, आकृती दुमडून पाहताना सममिती येते. याला पैसा लागत नाही. आठवड्यातून दोन तास, आणि विचार करणारी एक शिक्षिका लागते.

आणखी एक गोष्ट. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ने, तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढण्याची पद्धत ठेवली. मुलाने प्रथम आपला जिल्हा ओळखावा, हा त्यामागचा हेतू. कोणाही प्रकाशकाचे चकचकीत पुस्तक घेणाऱ्या शाळेतील मूल स्वस्तात मिळणाऱ्या या चांगल्या गोष्टीला मुकते.

पालकांनी काय विचारावे?

पालक-सभेत फी आणि बस यांव्यतिरिक्त पुढील प्रश्न विचारण्यास हरकत नसावी :

१. आमचे मूल आठवड्यातून किती वेळ स्वतःच्या हाताने काही करते, वर्गाबाहेर किती वेळ जाते?

२. वर्गात त्याला घरच्या भाषेत प्रश्न विचारता येतो का, की त्याबद्दल शिक्षा होते?

३. आमच्या गावाबद्दल यंदा ते काय शिकले?

४. दुसरीपर्यंतच्या मुलांना घरचा अभ्यास का आहे?

५. परीक्षेत पुस्तकात नसलेले, पण खरे उत्तर लिहिले तर गुण मिळतात का?

हे प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. मात्र एकट्याने विचारण्यापेक्षा पाच-सहा पालकांनी मिळून विचारले तर शाळेला ते ऐकावे लागतात. फी देणाऱ्या पालकाचा एवढा तरी अधिकार असावा.

समारोप

वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले : शाळा लगेच बदलू नका, पण शिकवणी बंद करा. तो तास मुलीला आपल्या भाषेतल्या गोष्टी वाचू द्या, आजीबरोबर हिशेब करू द्या आणि येत्या सभेत हे पाच प्रश्न विचारा. शाळेने वर्षभरात एकाही प्रश्नाकडे लक्ष दिले नाही, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन तेथील गुरुजींनाही हेच प्रश्न विचारा आणि मग निर्णय घ्या. भाऊ राजी होण्यास काही दिवस लागले. आता सभेला तो स्वतः जाणार आहे आणि वाडीतल्या आणखी तिघांना घेऊन जाणार आहे.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी उद्या शिक्षक होतील, आणि त्यांतील पुष्कळांना पहिली नोकरी अशाच एखाद्या खाजगी प्राथमिक शाळेत मिळेल. तेथे पुस्तक ठरलेले असेल, वेळापत्रक ठरलेले असेल, पगारही बेताचाच असेल. तरीसुद्धा वर्गाचे दार लावल्यावर मुलांना काय विचारावयाचे, हे काही अंशी त्यांच्याच हाती राहील. ताराबाई आणि अनुताई यांच्याकडे इमारत नव्हती, चकचकीत पुस्तके नव्हती. त्यांनी शंखशिंपल्यांपासून प्रारंभ केला. कामणच्या वर्गात ऋतूंचा धडा निघेल तेव्हा एखाद्या शिक्षिकेने पुस्तक मिटून "आपल्याकडे लावणी केव्हा होते?" एवढे जरी विचारले, तरी त्या दिवशी तेथे खरा अभ्यासक्रम सुरू झाला असे म्हणता येईल.